शनिवारची गोळी: आमवात आणि माझ्या पुण्याच्या फेऱ्या

14 डिसेंबर 2023. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. पहाटे घट मांडायला बसले आणि कलशावरचा नारळ हातात धरता येईना. बोटं मिटतच नव्हती. रात्रभर कुणी ओली चिंधी घट्ट गुंडाळून ठेवावी आणि ती बोटांवरच वाळावी, तसं वाटत होतं. वाईची थंडी आहे, होतं असं, म्हणून गरम पाण्यात हात धरून बसले. अर्ध्या तासाने बोटं सुटली आणि दिवसभराच्या कामात मी ते विसरूनही गेले.

मी इथल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. तेव्हा वय 40. नोटा मोजायचं मशीन आहे, पण फाटक्या, चिकटलेल्या नोटा आणि चिल्लर हातानेच मोजावी लागते. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तिघीजणींनी फोन करून विचारलं, की तुला नक्की काय झालं होतं, कुठे दाखवलंस, गोळ्यांनी काही त्रास होतो का. प्रत्येकीला सांगताना काहीतरी राहून जायचं. म्हणून एकदा सगळं सलग लिहून ठेवतेय.

जानेवारीत फॅमिली डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या. गोळी असेपर्यंत बरं, संपली की पुन्हा तेच. फेब्रुवारीत दोन्ही हातांची तीच तीच बोटं सुजायला लागली. डावीकडचं मधलं बोट सुजलं की आठवड्याभरात उजवीकडचंही. पहाटे पाय जमिनीवर टेकला की तळव्याखाली खडे पसरल्यासारखं व्हायचं. जोडवी रुतायला लागली, ती काढून ठेवली. भाकरी थापणं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. दुधाची पिशवी मी दातांनी फोडायचे आणि गॅसचं बटण मनगटाने ढकलायचे. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्चअखेरीच्या गडबडीत एका संध्याकाळी अंगठीचं बोट निळसर पडलं. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला. शेवटी हे मला ओळखीच्या सोनारकाकांकडे घेऊन गेले. काकांनी अंगठी आणि बोट यांच्या फटीत पत्र्याची एक पातळ पट्टी सरकवली, म्हणजे कातडी कापली जाऊ नये, आणि बारीक करवतीने अंगठी कापायला घेतली. करवत चालत होती तेवढा वेळ मी त्या पट्टीकडे बघत होते. अंगठी तुटली तेव्हा बोटावर खोल खाच उमटलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगलेलं. काका म्हणाले, “ताई, ही साधी सूज नाही. मोठ्या डॉक्टरला दाखवा.” पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. युरिक ॲसिड, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी) अशा तपासण्या झाल्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला. “वात नाही, कॅल्शियम कमी आहे,” असं सांगून दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. वात नाही हे ऐकून मला किती हायसं वाटलं होतं! ते ‘निगेटिव्ह’ मी घट्ट धरून बसले आणि पुढचे तीन महिने त्यातच गेले.

एप्रिलमध्ये एका नातेवाइकांनी सुचवलेल्या ठिकाणाहून पुड्या आणल्या. पांढरट पावडर, वर नाव नाही, गाव नाही. दुसऱ्याच दिवशी हात मोकळे झाले, महिनाभर मी भाकऱ्या थापल्या. मेअखेरीस चेहरा गोल दिसायला लागला, भूक अनावर झाली, झोप उडाली. एक दिवस पुडी चुकली तर अंथरुणातून उठता येईना. या पुड्यांचं पुढे काय झालं ते येईलच. पण कुणी असं औषध घेत असेल तर एवढं आत्ताच सांगते: ते लपवू नका, आणि भीतीने एकदम बंदही करू नका. आधी डॉक्टरांना सांगा.

मला योग्य दार दाखवलं ते एका फिजिओथेरपिस्ट मुलीने. हातांचे व्यायाम शिकायला तिच्याकडे गेले होते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “काकू, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?” हे तोवर मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, दीड तास तरी. तिने व्यायाम शिकवलेच नाहीत. कागदावर ‘रुमॅटॉलॉजिस्ट’ असा शब्द लिहून दिला आणि म्हणाली, आधी यांना दाखवा. हाडांचे डॉक्टर मोडलेलं हाड, झिजलेला गुडघा, शस्त्रक्रिया बघतात. रुमॅटॉलॉजिस्ट हे औषधांचे डॉक्टर. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, स्नायूंवर उलटते ते आजार त्यांच्याकडे.

28 जूनला पुण्यातल्या एका हॉस्पिटलला फोन केला. तारीख मिळाली 20 जुलै. तीन आठवडे थांबायचं होतं. त्या दिवसांत मी तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही उपयोगी पडल्या. सुजलेल्या हातांचे सकाळी सहाला आणि दुपारी बाराला फोटो काढले, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत सूज उतरलेली असते. डिसेंबरपासून काय कधी सुरू झालं ते एका पानावर तारखांसह लिहिलं. आणि सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं व उरलेल्या पुड्या एका पिशवीत भरल्या.

20 जुलैला सहाची एसटी पकडायची होती. बोटं चालायला दीड तास लागायचा म्हणून साडेतीनला उठले. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच खर्चाला हातभार. चढताना दांडा धरता येईना, तेव्हा ह्यांनी मागून आधार दिला. खंबाटकी घाटात पाऊस होता. स्वारगेटला उतरून रिक्षाने हॉस्पिटलला पोहोचलो तेव्हा सव्वानऊ. नवीन पेशंटचा केसपेपर 100 रुपये, तपासणी फी 1000. टोकन 34 वं. नंबर लागला पावणेएकला. डबा आणि पाणी बरोबर ठेवा.

बसल्या बसल्या चार पानी फॉर्म भरायला दिला. तोंड येतं का? डोळे कोरडे पडतात का? केस गळतात का? उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर लाली येते का? सोरायसिस? गर्भपात? घरात कुणाला टीबी? तंबाखू, सिगारेट, मिश्री? सांध्यांच्या आजारात हे सगळं कशाला, असं मला वाटलं. नंतर कळलं, की सांधे दुखवणारे आजार बरेच आहेत आणि यातल्या एकेका उत्तरावरून डॉक्टरांना कोणता तरी आजार जवळचा किंवा लांबचा ठरवता येतो.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी हात मागितले. दोन्ही अंगठ्यांनी एकेक सांधा दाबत गेल्या. दाबताना त्यांची नजर सांध्यावर नव्हती, माझ्या चेहऱ्यावर होती. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची मुळं, बोटांची मधली पेरं, गुडघे. असे मोजायचे 28 सांधे असतात. शेजारच्या ज्युनियर डॉक्टरला त्या आकडे सांगत होत्या: दुखरे 14, सुजलेले 9. पायाची बोटं या 28 मध्ये धरत नाहीत, पण मॅडमनी चपला काढायला लावून तीही दाबली. डावा पाय आडवा मुठीत धरून हलकासा आवळला, तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पायाला हात लावला होता. मला रडू आलं. त्यांनी थांबून पाणी दिलं आणि पुन्हा मोजायला लागल्या.

बोटांच्या टोकाची पेरं सुजेतून सुटली आहेत आणि मुळं सुजली आहेत, हे त्यांनी मला माझ्याच हातावर दाखवलं. वयाने होणाऱ्या झिजेत बरेचदा टोकाची पेरं धरतात, तिथे गाठी येतात. इथे उलट होतं. शिवाय दोन्ही बाजू सारख्या आणि सकाळचं आखडणं तासाच्या वर. “रुमॅटॉइड आर्थ्रायटिस वाटतोय. आपण आमवात म्हणतो तो. पण रक्त आणि एक्स-रे बघून बोलू.” आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे हे मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, की या आजाराच्या बऱ्याच पेशंटमध्ये तो निगेटिव्हच असतो. त्या एका कागदावर आजार आहे-नाही ठरत नाही.

पुड्यांबद्दल रागावतील अशी भीती होती. त्या रागावल्या नाहीत. स्टिरॉइड असण्याची दाट शंका आहे, म्हणाल्या. पुडीत नक्की काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुड्या बंद करून त्याऐवजी प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅम सुरू केली. मोजून दिलेलं स्टिरॉइड मोजून कमीही करता येतं. बाहेरून मिळणारं स्टिरॉइड अचानक तोडलं तर शरीराला स्वतःचं लगेच तयार करता येत नाही आणि माणूस कोसळू शकतो, हे त्यांनी ह्यांना समोर बसवून समजावलं.

तपासण्यांचं बिल साडेपाच हजारांच्या आसपास झालं: हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह किती ते दाखवणाऱ्या), अँटी-सीसीपी (आमवाताची जास्त नेमकी तपासणी), यकृत आणि मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे, दोन्ही हातापायांचे एक्स-रे. आमचा आरोग्य विमा आहे, पण दाखल झाल्याशिवाय त्यातून एक रुपया मिळत नाही. पॉलिसी घेताना ओपीडीचा खर्च धरला आहे का ते बघून घ्या. या आजारात सगळा खर्च ओपीडीतच होतो.

पुढची तारीख 27 जुलै होती. 25 तारखेला पुण्यात पाऊस कोसळला, सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, आणि आम्ही तारीख पुढे ढकलली. 3 ऑगस्टला गेलो. अँटी-सीसीपी 200 च्या वर होतं, नॉर्मल 20 च्या आत. ईएसआर 62, तोही जास्तच. मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरला आणि डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी पेन टेकवलं. हाडाच्या कडेला उंदराने कुरतडावं तशी बारीकशी खाच होती. हातांना काहीच झालं नव्हतं. जो पाय मी दुखण्यात धरलाच नव्हता, तिथे हाड गेलं होतं. “गेलेलं हाड परत येत नाही. नवीन जाऊ नये यासाठी आता औषध,” एवढंच त्या म्हणाल्या. मला त्या खाचेकडे बघताना एप्रिल, मे, जून आठवत होते.

औषधं अशी ठरली. मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा, वेगळ्या दिवशी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 200 रोज. हे माझ्या 52 किलो वजनावरून ठरलं आणि त्यासाठी डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा. प्रेडनिसोलोन हळूहळू कमी करत बंद. “मेथोट्रेक्सेटचा वार तुम्ही निवडा,” मॅडम म्हणाल्या. मी शनिवार निवडला, म्हणजे मळमळलं तरी रविवारी सुट्टी. त्यांनी कागदावर मराठीत ‘फक्त शनिवारी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला वार पाठ म्हणायला लावला आणि ह्यांनाही. मूल हवंय का हेही स्पष्ट विचारलं, कारण या गोळीवर असताना दिवस राहता कामा नयेत. दारू चालत नाही. माझ्या धाकट्या मैत्रिणींनो, लग्न ठरलेलं असेल, मूल हवं असेल तर ते आधीच सांगा. त्यासाठी वेगळी औषधं आहेत. लाजून गप्प बसू नका.

दोन रेघा कशासाठी होत्या ते पुढच्याच महिन्यात कळलं. गोळ्या इथल्या एका मेडिकलमधून आणल्या. घरी येऊन पाकीट पाहिलं तर त्यावर पेनाने लिहिलेलं, ‘रोज रात्री 1’. दुकानातल्या पोराने सवयीने लिहिलं असणार. मी ते वाचलं आणि माझे हात गार पडले, कारण मॅडमनी सांगितलं होतं, की ही गोळी चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी खाली जातात, तोंड सोलून निघतं, आणि माणसं दगावलीही आहेत. परत जाऊन मालकांना दाखवलं, त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून मेथोट्रेक्सेट एका निळ्या डबीत वेगळी ठेवते. एका वेळी महिन्यापुरत्याच गोळ्या आणते. शनिवारी घेतली की कॅलेंडरवर फुली मारते. घरात म्हातारं माणूस ही गोळी घेत असेल तर डबी तुमच्या ताब्यात ठेवा.

पहिले दोन महिने धीर सुटत होता. पुडीने दुसऱ्या दिवशी हात मोकळे झाले होते आणि या औषधाला आठवडेच्या आठवडे लागत होते. सहा ते बारा आठवडे लागतील असं मॅडमनी सांगितलं नसतं तर मी सोडूनच दिलं असतं. आम्ही घरी एक वही केली. सकाळी किती मिनिटं आखडलं, एवढाच आकडा लिहायचा. ऑगस्टमध्ये 90, 80, 90, 85. सप्टेंबरअखेर 50. ऑक्टोबरमध्ये एक दिवस 20 लिहिलं आणि ते सासूबाईंना दाखवलं.

मध्ये 7 सप्टेंबर आला, गणपती बसले तो दिवस. शनिवारच होता आणि मला सणकून ताप. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला. त्यांनी सांगितलं, या शनिवारी मेथोट्रेक्सेट नको, बाकीच्या चालू ठेवा, प्रेडनिसोलोन अजिबात चुकवू नका, आणि तापासाठी कुठेही गेलात तरी मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे हे आधी सांगा. काही सल्फा प्रतिजैविकं हिच्याबरोबर चालत नाहीत. माझ्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं: आजार, औषधं, वार.

ऑक्टोबरच्या रक्तात एसजीपीटी (यकृताला त्रास होतोय का ते दाखवणारा आकडा) 96 निघालं, नेहमीच्या दुपटीहून जास्त. मी घाबरले. मॅडमनी दोन शनिवार गोळी थांबवली, रक्त पुन्हा तपासलं, आकडा खाली आल्यावर सुरू केली. रक्त तपासायला दर वेळी पुण्याला जायची गरज नाही. मी वाईतच देते, साधारण 900 रुपये लागतात, आणि रिपोर्ट फोनवर पाठवते. सुरुवातीला दर महिन्याला होतं, आता तीन महिन्यांनी. महिन्याच्या औषधांचा खर्च साधारण 650 आहे. पहिल्या दोन महिन्यांत मात्र प्रवास धरून चौदा हजारांपर्यंत गेले होते.

9 नोव्हेंबरच्या भेटीत पुन्हा 28 सांधे मोजले. दुखरे 6, सुजलेले 3. हे आकडे, ईएसआर आणि आजार मला शंभरपैकी किती त्रास देतोय याचं माझं उत्तर, यांतून एक गुण काढतात. पहिल्या दिवशी तो बराच जास्त होता, आता 4. मला आनंद झाला, पण मॅडमचं समाधान झालं नाही. 2.6 च्या खाली जायचंय, म्हणाल्या आणि शनिवारचा डोस 20 मिलिग्रॅम केला. तेवढ्याने मळमळ वाढली. मग त्यांच्या सांगण्यावरून तोच डोस शनिवारीच सकाळी 10 मिलिग्रॅम आणि रात्री 10 मिलिग्रॅम असा विभागून घ्यायला लागले. एवढ्याने भागलं नाही तर पुढची औषधं आहेत, त्याआधी टीबीची तपासणी करावी लागते, हेही त्यांनी सांगून ठेवलं. माझ्यावर ती वेळ आली नाही. शेजारी बसणाऱ्या एका काकूंवर आली आणि त्या आज जिने चढतात.

नोकरीतली कागदपत्रं हे वेगळंच प्रकरण झालं. चिल्लर मोजण्यातून काही महिने सुटका हवी होती. साहेब म्हणाले, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. आणलं, तर त्यावर नोंदणी क्रमांकाचा शिक्का नव्हता म्हणून परत आलं. दुसरं कुरियरने मागवलं, बारा दिवस गेले. सर्टिफिकेट घेताना तिथेच तपासा: आजाराचं नाव, कोणतं काम करता येत नाही, किती महिने, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नुसतं ‘विश्रांतीची गरज आहे’ असं लिहिलेलं ऑफिसात उपयोगाचं नसतं. मला सहा महिने लेजरचं, म्हणजे खातेवहीचं काम मिळालं.

खाण्याबद्दल सगळेच विचारतात. सात महिने मी दही, चिंच, वांगी, बटाटा सगळं बंद केलं होतं, आंबट वातूळ म्हणून. मॅडम म्हणाल्या, या आजारासाठी यातलं काही सोडायची गरज नाही. वजन आटोक्यात ठेवा, पोटभर नीट जेवा, दातांकडे लक्ष द्या. त्या रात्री घरी येऊन दहीभात खाल्ला. फिजिओथेरपिस्टने शेवटी व्यायामही शिकवले. बरणीचं झाकण बोटांनी नाही, तळहाताने फिरवायचं. पिशवी बोटांवर नाही, कोपराच्या वाकात अडकवायची. सकाळी गरम पाण्याने शेक, सांधा लाल-गरम असेल तर बर्फ. उजव्या मनगटाला रात्री पट्टा.

8 फेब्रुवारी 2025 ला प्रेडनिसोलोन पूर्ण बंद झाली. चेहऱ्याचा गोलवा उतरला. ऑगस्टमध्ये गणपतीला मी अकरा मोदकांना कळ्या पाडल्या, बाराव्याला बोटं थकली आणि उरलेले मुलीने केले. वहीत अजूनही काही दिवस 30 लिहावं लागतं, विशेषतः जागरण झालं की. त्या सोनारकाकांना सांगून आले, की मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. अंगठीचे तुकडे डबीत आहेत.

11 ऑक्टोबर 2025 च्या भेटीत दुखरा सांधा एक, उजवं मनगट. सुजलेला एकही नाही. गुण 2.5. औषध कमी करायचं का, विचारलं. मॅडम म्हणाल्या, निदान सहा महिने असंच राहू दे, मग हळूहळू बघू. फ्लूची लस त्याच दिवशी घेतली. पायाच्या एक्स-रेमध्ये ती खाच आहे तेवढीच आहे.

पुढची तारीख 10 जानेवारी 2026. त्याआधी वाईत रक्त द्यायचंय, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायचीय. 10 तारखेला शनिवारच येतोय. सकाळच्या गोळ्या चहा-नाश्त्याबरोबर घेऊन निघेन, रात्रीच्या परत आल्यावर.